चंद्रीसाठी टूल

नेमसिंग बायकोला एकदाच बोलून गेला, "तुह्या गाण्याचं काय कौतिक? शामनं तुहा आवाज भरून ॲप बनवलं, तेबी तेवढंच गोड गाते." तेव्हापासून भुरीबाईनं ओठ मिटले. तिच्या गाण्यावर दूध देणारी चंद्री म्हैस मग ॲपच्या गाण्यावर कसाबसा पान्हा सोडायची. मग फोन अपडेट झाला आणि भाच्यानं, शामनं, केलेलं ते ॲपच उडालं. स्टोअरमध्ये ते मिळत नव्हतं, आणि ते बाहेरून फोनवर चढवायचं जुनं टूलही बंद पडलेलं. आता गोठ्यात लेक वर्षा नवं टूल निवडत होती, आणि नेमसिंग रिकामी चरवी धरून म्हशीपाशी उकिडवा बसला होता.

"बा, हे टूल लोकेशन मांगून राह्यलं."

"गोठ्यात हाओत म्हणून सांग त्याले."

"अन् हे दुसरं सारे कॉन्टॅक्ट मांगते."

"नोको! साऱ्या सोयऱ्यायले कळंन, घरात अबोला हाये म्हणून."

तिसऱ्या टूलची सूचना वर्षानं मोठ्यानं वाचली, "हे ॲप अनोळखी ठिकाणाहून आलं आहे. तुमचा विश्वास आहे का?"

नेमसिंग भडकला. "अनोळखी? अबे, तो आवाज तं तिकडं चुलीपाशी फुगून बसला हाये!"

चुलीपाशी खुदकन हसू फुटलं. कुडाच्या फटीतून ते गोठ्यात आलं, तशी चंद्रीनं कान टवकारले आणि चरवीत पहिली धार वाजली.

"वर्षा," नेमसिंग मान वर न करता हळूच म्हणाला, "हेच टूल ठेव."