चार रेघा

पवनचक्की एकदम थांबवली की तिचा खांब डोलतो. ते डोलणं किती वेळात विरतं, हे मोजायला आम्ही दोघं भर समुद्रात, खांबाच्या माथ्यावरच्या खोलीत बसलो होतो. मोजणी संपेपर्यंत हलायचं नाही, कारण साधं पाऊलही पडद्यावर उमटतं. माझ्यासारख्या चुळबुळ्याला ती शिक्षाच.

खांबात चार ठिकाणी सेन्सर, म्हणून पडद्यावर चार रेघा. त्या हळूहळू सपाट झाल्या. मग सगळ्यात खालची थरथरली.

"बूड स्थिर ठेव की जरा," मामा खेकसले. वयानं मोठे, म्हणून ते सगळ्यांचेच मामा.

"मी हललोसुद्धा नाही, मामा. आणि तो सेन्सर पाण्याखालचा आहे."

"मग बोट घासली असेल."

"बोट केव्हाच परत गेली."

दुसरी रेघ थरथरली. एकेक ठोका, कुणी शिडी चढावं तसा. मग तिसरी. मला उठून पळावंसं वाटत होतं, पण मामांनी माझा गुडघा घट्ट दाबून धरला.

चौथा सेन्सर आमच्या पायाखालच्या झाकणाला होता. ती रेघ एकदाच उसळली.

मग चारही रेघा सपाट झाल्या. झाकणाखालीही कुणीतरी, आमच्यासारखंच, अजिबात न हलता बसलं होतं.