सोळा तासांचा केर

"भाऊजी, विमान परत नाही का हो फिरवता येत?" कुमुदताईंनी दिराला तिसऱ्यांदा विचारलं.

मोबाइलवरच्या नकाशात लेकीचं पिटुकलं विमान पुढेच सरकत होतं. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को, साडेतेरा हजार किलोमीटर, सोळा तास. बाबांची तब्येत सुधारली म्हणून ती पहाटे चारला उडाली आणि सकाळी दहाला बाबा गेले. ती तिथे उतरेल तेव्हा इथे रात्रीचे आठ वाजणार, आणि उलट यायला पुन्हा तेवढाच वेळ.

"इतकं थांबता येणार नाही, वहिनी," दीर म्हणाला.

दुपारी चारला माणसं बाबांना स्मशानात घेऊन गेली. शेजारच्या शिरोडकरकाकूंनी रीतीप्रमाणे घर झाडायला केरसुणी उचलली. कुमुदताईंनी ती हिसकावून घेतली.

"अगं, माणूस गेल्यावर घर झाडावंच लागतं."

"आणि माणूस प्रवासात असताना केर काढायचा नसतो. ती पोचेपर्यंत या घरात केरसुणी फिरणार नाही."

केरसुणी मांडीवर घेऊन त्या विमानाकडे बघत बसल्या. फरशीवर लेकीच्या बॅगेवरून फाडलेली जुनी लेबलं आणि नवऱ्याच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं तशीच पडली होती.

आठ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"आई, पोचले गं. बाबा जेवले का?"

"पोचलीस ना नक्की?" कुमुदताईंनी विचारलं, आणि फोन कानाशी धरूनच केर काढायला घेतला.