कोरी जागा

नव्व्याण्णव साली देवचंदभाऊंनी पिंप्राळ्यातल्या आपल्या फोन-बूथमध्ये इंटरनेट आणलं, तेव्हापासून जुबेदाला नवऱ्याची आखातातली पत्रं तिथेच छापून मिळायची. तिकडचं सरकार प्रत्येक पत्र चाळतं आणि नको ते शब्द गाळतं, हे जब्बारने आधीच कळवलं होतं. सुरुवातीला शहराचं नाव गळालं, मग कंपनीचं. तेवढी जागा कोरी यायची.

आज ‘प्यारी’ आणि ‘सलाम’ यांच्यामधली जागा कोरी होती.

"भाभी, माझं मशीन चांगलं आहे हो," देवचंदभाऊ म्हणाले.

घरी येऊन जुबेदाने पेटीतली जुनी, जब्बारने शाईने लिहिलेली पत्रं काढली. प्रत्येक पत्रात ‘प्यारी’नंतर तेवढीच जागा कोरी होती. पुसल्याची खूणसुद्धा नव्हती. रेशनकार्डावर जब्बारच्या खाली नुसतं ‘पत्नी’ उरलं होतं.

भर उन्हात ती धावतच बूथवर परतली. "भाऊ, यांना आत्ताच्या आत्ता पत्र पाठवा!"

देवचंदभाऊंनी बोटं कीबोर्डवर ठेवली. "पाठवतो की. खाली नाव काय टाकू?"

तिने सांगितलं.

ते तिच्या ओठांकडे बघत राहिले. "बोला ना, भाभी."

ती जिवाच्या आकांताने आपलं नाव ओरडली. दारातली रिक्षावाल्यांची गप्पांची मैफल तशीच चालू राहिली.