लाल खडूची खूण

"बाबा, आठवा हो जरा! पाचला कार्यालय बंद होतं," लेक चौथ्यांदा म्हणाली.

म्हातारा मुकादम टेबलावरच्या नकाशाकडे ढुंकूनही पाहत नव्हता. मांडीवरच्या नातीला गुदगुल्या करण्यात तो गुंग होता. नऊ महिन्यांची पोर, पण आजोबा तिला घटकाभर खाली ठेवत नसत. "अशानं ही रांगायची कधी?" असं लेक चिडवायची, तर म्हणायचा, "फरशी गार असते. माझ्या मांडीला काय भाडं पडतंय?"

समोरच्या खुर्चीत सरकारी निधीच्या मॅडम चहा घेत बसल्या होत्या. बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याची विषारी जमीन साफ करून तिथे दवाखाना आणि बाग करायला पैसा मिळणार होता. अट एकच. टाकाऊ रसायनांची पिंपं कुठे पुरली, ती नेमकी जागा अर्जात दाखवायची. आज शेवटचा दिवस. नाहीतर निधी चालला दुसऱ्या गावाला. लेकीने दोन वर्षं त्यासाठी हेलपाटे घातले होते. आणि जागा ठाऊक असलेला जिवंत माणूस आता एकच उरला होता, तिचा बाप. पिंपं पुरणाऱ्या टोळीचा मुकादम.

"बॉयलरच्या मागे?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"उत्तरेच्या भिंतीशी?"

"तिथे तुम्ही खणलंत की. काय मिळालं? विटा!"

मॅडमना हसू आलं. त्यांनी पिशवीतून लाल खडू काढून त्याच्या हातात दिला. "नकाशा राहू दे. जागेवर चला, खूण करा. बाकीचं मी बघते."

म्हाताऱ्याने खडू खिशात टाकला नि पुन्हा गुदगुल्या सुरू केल्या.

लेकीला सगळं कळत होतं. निवृत्तीच्या दिवशी मालकाने कारखान्याच्या कुंपणालगतचं हे नवंकोरं घर बापाच्या नावावर करून दिलं होतं, तेही फुकट. एवढ्या उपकाराखाली दबलेला माणूस मालकाविरुद्ध तोंड कसं उघडणार? घरालाही बाप जिवापाड जपायचा. अंगणात कुणाला कुदळ मारू द्यायचा नाही. मिरचीचं रोप लावायचं तरी गच्चीवर, कुंडीत. चिखल नको म्हणायचा.

"मालक जाऊन सहा वर्षं झाली, बाबा," ती म्हणाली. "त्याच्या मिठाला किती दिवस जागणार? आई पोटाच्या दुखण्याने गेली. शेजारच्या काकूही तशाच गेल्या. हातपंपाच्या पाण्याला रंगाचा वास येतो. मला भीती वाटते हो, हिच्यासाठी."

आईचं नाव निघालं तसे म्हाताऱ्याचे हात थांबले.

"मालकाचं कोण बोलतंय?" तो पुटपुटला. "तुला हे घर आवडतं ना गं?"

"आता घराचं काय मध्येच!"

तेवढ्यात नात मांडीवरून सटकली. खाली उतरल्यावर ती कुठली थांबते! भराभर रांगत मॅडमच्या खुर्चीपाशी गेली, दोन फरश्यांमधल्या फटीत बोट घातलं आणि ते तोंडाकडे नेलं.

"अगं, उचल तिला! उचल!" म्हातारा असा ओरडला की मॅडमच्या हातातला कप हिंदकळला.

लेकीने पोरीला उचलून घेतलं. तिला हसू आवरेना. "रांगली! बाबा, पाहिलंत का, रांगली की हो ही!"

म्हाताऱ्याने डोळे पुसले. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याने नकाशा गुंडाळून बाजूला ठेवला, खिशातून लाल खडू काढला आणि कण्हत कण्हत फरशीवर गुडघे टेकले.

"मॅडम," तो म्हणाला, "खुर्ची जरा सरकवा."