पुढचा खांदा

दिवाळीच्या सुट्टीत निषादने पुण्याच्या हॉस्टेलवरून एक फाशांचा खेळ महाडला आणला. प्रत्येकाने मनाने एक योद्धा रचायचा, त्याला विद्या द्यायच्या आणि तो त्या कुठे शिकला ते सांगायचं. गोष्ट पटली नाही तर विद्या रद्द.

बाकीच्या मित्रांनी तलवारबाजी घेतली, अदृश्य होणं घेतलं. उमरठच्या वरच्या वाडीतला रुपेश म्हणाला, "माझा गडी डोलीतला माणूस जिता हाय का गेला, ते मागं न बघता ओळखतो."

निषाद हसला. "हे कुठे शिकला तो?"

"त्याच्या वाडीला रस्ता नाय. आजारी माणसाला घोंगडीत घालून, बांबूला बांधून डोंगर उतरवायचा. पुढचा खांदा ह्याचा. जीव गेला की खांद्याला कळतं."

"बरं, मान्य. दुसरी विद्या?"

"कळल्यावर पण पाऊल बदलायचं नाय. तसंच जपून, धक्का न देता चालायचं."

"हे नाही पटत. मेलेल्या माणसाला धक्का बसला काय, न बसला काय! रद्द."

"मागून आई चालत असते रे. पाऊल बदललं तर तिला तिथंच कळंल. अजून अर्धा डोंगर उतरायचा असतो."

"कोणाची आई? योद्ध्याची?"

रुपेशने हातातले फासे खाली ठेवले.

"आमची. माझी नि डोलीतल्या धाकट्याची."