‘नको’ची जागा

मुलीने नेहमीच्या जागी अंगठा टेकवला आणि टॅबलेट गोड आवाजात म्हणाला, “मला अजून हवं आहे.” बाबांनी तिच्या ताटलीत आणखी एक बटाटा वाढला. मुलीने कपाळाला हात लावला. आईने तो बटाटा उचलून स्वतःच्या ताटलीत घेतला.

मुलगी आठ वर्षांची होती. तिला ऐकू येत होतं, समजत होतं, लिहिता-वाचताही येत होतं. तोंडातून शब्द तेवढा फुटत नव्हता. ती चित्राच्या चौकोनावर बोट ठेवी आणि तिच्याऐवजी टॅबलेट बोले. पडद्याकडे न बघता बोलण्याइतकी ती तरबेज झाली होती. मग मागच्या आठवड्यात कंपनीने आपण होऊन प्रोग्रॅम सुधारला आणि ‘नको’ उचलून दुसऱ्या पानावर नेऊन ठेवलं. त्याच्या जागी ‘अजून हवं’ आलं. चौकोन हलवायची सोय त्यात नव्हतीच. बाबांनी कंपनीला कळवलं, तेव्हा हीच मांडणी सर्वांसाठी उत्तम आहे, असं उत्तर आलं.

“सर्वांसाठी म्हणजे नक्की कुणासाठी, भावोजी?” मामाने विचारलं. तो आज त्यासाठीच आला होता. पिशवीतून त्याने आपला जुना टॅबलेट काढून टेबलावर ठेवला. त्याची काच एका कोपऱ्यात तडकली होती. कुणीतरी चिखलाचे बूट टेबलावर ठेवावेत तसं बाबांनी त्याच्याकडे पाहिलं.

घरातलं प्रत्येक यंत्र, अगदी बाबांच्या मनगटावरचं घड्याळसुद्धा, त्या एकाच कंपनीचं होतं. बंद पडत नाही, एकमेकांशी जुळतं, डोक्याला ताप नाही, असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मामाचं म्हणणं असं की, जे उघडता येत नाही आणि बदलता येत नाही, ते विकत घेतलं तरी आपलं कसं? त्याने आणलेला प्रोग्रॅम कुणीही घ्यावा, हवा तसा बदलावा असा होता.

“आणि बिघडला तर कुणाच्या दारात जायचं?” बाबा म्हणाले.

“तुम्ही गेलात ना कंपनीच्या दारात? दारातूनच परत आलात.”

बाबांनी ठेवणीतला मुद्दा काढला. मागे एकदा मामानेच आणलेला असला एक प्रोग्रॅम शाळेत ऐन वेळी अडकून बसला होता आणि पोरगी सबंध दुपार गप्प बसून होती. हे मामाला नाकारता येईना. तो जरा वरमला. पण हा तसला नाही, हा मी स्वतः वापरून बघितलाय, असं म्हणत त्याने तो उघडला. पडद्यावर नुसते रिकामे चौकोन होते.

“यात तर काहीच नाही,” बाबा म्हणाले.

“भरायचं आपण.”

कसं भरायचं, तेही मामाने ठरवून आणलं होतं. वस्तू डावीकडे, क्रिया उजवीकडे, माणसं वरच्या ओळीत. शास्त्रशुद्ध. ते ऐकून मात्र बाबांचा आवाज चढला. तिच्या बोटांना त्या जागा शिकायला दोन वर्षं लागली होती. कंपनीने एक हलवली, तर हा सगळ्याच हलवायला निघाला. मामा म्हणाला, निदान माझ्यावर तुम्हाला ओरडता तरी येतंय. बाबांनी त्याच्या टॅबलेटला भंगार म्हटलं. मामाने बाबांच्या टॅबलेटला कुलूप लावलेलं खेळणं म्हटलं. दोघांचंही जेवण गार झालं.

आईचं लक्ष मुलीकडे होतं. मुलीने तडकलेला टॅबलेट केव्हाच मांडीवर ओढून घेतला होता. प्रोग्रॅमसोबत चित्रांचा साठा होता; त्यातलं एकेक चित्र बोटाने ओढून ती चौकोनात सोडत होती. मध्येच ती डोळे मिटून बोट हवेत धरी. ते जिथे खाली टेके, तिथे ते चित्र जाई. शिकवायला म्हणून मामाने हात पुढे केला, तर आईने त्याच्या हातावर चापट मारली.

शेवटी मुलीने टॅबलेट टेबलाच्या मधोमध ठेवला. बाबा वाकून पाहू लागले. ‘पाणी’ वर डावीकडे, त्याच्या खाली ‘शाळा’, कडेला ‘दुखतंय’. सगळं दोन वर्षं होतं तिथेच होतं. ‘नको’ अंगठ्याखाली परत आलं होतं. मामाची शास्त्रशुद्ध मांडणी कुठेच नव्हती.

तळाशी मात्र दोन नवे चौकोन होते. त्यांत चित्र नव्हतं, तिने स्वतः लिहिलेली अक्षरं होती. कंपनीच्या टॅबलेटवर तिला असं लिहिताच येत नसे. तिने पहिला चौकोन दाबला.

“तुमच्या दोघांचं झालं का? आता मी बोलते.”

आवाज खरखरीत होता. तिने दुसरा दाबला.

“जागा माझ्या आहेत. मला विचारल्याशिवाय कुणी हलवायच्या नाहीत.”

मामाने घाईघाईने मान हलवली. बाबांनी भांड्यातला एक बटाटा चमच्यात घेतला आणि तिच्या ताटलीवर धरला.

मुलगी त्यांच्याच तोंडाकडे बघत होती. अंगठा मात्र खाली गेला.

“नको,” टॅबलेट म्हणाला.

बाबांनी बटाटा भांड्यात परत ठेवला. मग तोच पुन्हा उचलून पुढे धरला.

“नको.”

आई हसू लागली. बाबांनी डोळे पुसले, बाही सावरली आणि ते भांड्यातला सगळ्यात मोठा बटाटा शोधू लागले.