जांभई

समोर मावशी आईच्या आठवणी काढून हुंदके देत होती आणि मला पुन्हा जांभई आली.

आईला जाऊन आठवडाही झाला नव्हता. भेटायला आलेल्या बायका सतरंजीवर दाटीवाटीने बसल्या होत्या. त्यांच्या नजरा चुकवत मी ओढणी तोंडावर धरली. झोप येत नव्हती. जांभया त्या घाबरेपणावरच्या गोळीच्या होत्या. डॉक्टर म्हणाल्या होत्या, "सुरुवातीला होतं असं, थोडं सहन करा."

गोळी सुरू केली तीसुद्धा आईच्याच धास्तीने. ती अंथरुणाला खिळल्यापासून फोन वाजला, की छातीत धडधडायचं, हातपाय गार पडायचे. गोळीने धडधड थांबली. मग तो फोन खरंच आला. मी "बरं" म्हणाले आणि दुधाखालचा गॅस बारीक केला. तेव्हापासून आजपर्यंत रडूच आलेलं नाही.

जांभई दाबताना डोळ्यांत पाणी आलं. ते गालावर ओघळलेलं पाहून मावशीने मला कुशीत ओढलं. "रड गं पोरी, रड. मोकळी हो एकदाची."

तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मी पुढच्या जांभईची वाट बघत राहिले.